या कोणाला म्हणालीस

द्रौपदी: —दाबलं. आला का फोटो?

•

उज्ज्वल: फ्रायलासिंगला गाडी बदलायची आहे, सगळे दाराशी चला. आई, पिशवी दे माझ्याकडे.
द्रौपदी: आडवी नको धरू, लोणचं आहे त्या—

•

क्षमा: ऑफिसचा फोन आहे, आई, एक मिनिट. या, या. गेनाऊ. मोंटाग. या, चूस.

•

द्रौपदी: गाईच्या गळ्यात घंटा किती मोठी. शाळा सुटली वाटते.

•

द्रौपदी: उज्ज्वल, दात दाखव.
उज्ज्वल: दाखवले.
द्रौपदी: मग हे काहून आवाज नाही करत? अजून दाखव.
उज्ज्वल: आई, गाल दुखले.

•

द्रौपदी: हा विहारातल्या प्रभाला पाठवू. तिला म्हणायचं, पाहा, माझी सून—

•

क्षमा: आई, तुम्ही कुठलं बटण दाबताय?
द्रौपदी: लाल.
क्षमा: अहो, ते व्हिडिओचं. फोटोचं वर आहे, चंदेरी.
द्रौपदी: माझा जन्म पोस्टात गेला. पेटी लाल, गाडी लाल. मला लालच दिसणार.
क्षमा: एकदा दाबलं की चालू होतं, परत दाबलं की बंद. म्हणजे तुम्ही एक फोटो काढता तेव्हा चालू, दुसरा काढता तेव्हा बंद.
उज्ज्वल: माझ्या दातांची फिल्म आहे तर त्यात.
क्षमा: द्या, मी काढते.
द्रौपदी: नाही. तुमच्या घरातले सगळे फोटो पाहिले मी. सगळ्यात उज्ज्वल. बर्फात उज्ज्वल, पुलावर उज्ज्वल, नुसतं झाड आहे त्यात पण कोपऱ्यात उज्ज्वल. तू कुठं आहेस?
क्षमा: मी कॅमेऱ्यामागे असते.
द्रौपदी: म्हणून आज कॅमेरा माझ्याकडे. चंदेरी म्हणाली ना? हे पाहा, दाब—

•

उज्ज्वल: —आता बोटीचं इंजिन बंद करतील. तो माणूस ट्रम्पेट वाजवेल, आणि समोरचा कडा तेच परत वाजवेल.
द्रौपदी: कडा वाजवेल?
उज्ज्वल: ऐक.
द्रौपदी: आलं. परत आलं. जसंच्या तसं.
क्षमा: आता तो सांगतोय, पलीकडे त्याचा भाऊ बसलाय ट्रम्पेट घेऊन, पण दोघं बोलत नाहीत एकमेकांशी.
द्रौपदी: आणि हे सगळे लोक काय म्हणून राहिले?
क्षमा: या, या म्हणतायत. हसतायत.
द्रौपदी: पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, काय अगत्याचे लोक आहेत. बसमध्ये चढली, ड्रायव्हर म्हणतो या. पाववाल्या बाईकडे गेली, ती म्हणते या. आपल्या खालची म्हातारी नाही का, तिला फोन आला. जिन्यात उभी राहून म्हणून राहिली, या, या, या, या. मी वरच्या पायरीवर थांबली. म्हटलं पाहू, कोण येते.
उज्ज्वल: मग?
द्रौपदी: कोणीच आलं नाही. मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी. इतकं बोलावलं तिनं.
क्षमा: आणि आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, या म्हणजे हो?
द्रौपदी: सांगितलं ना, नंतर. पण तोवर मी तिला नमस्कार करून टाकला होता, घरात काही वाईट झालं समजून. थांब, हा पाण्याचा काढते. पाणी पाहा कसं हिरवं, बाटलीच्या काचे—

•

उज्ज्वल: —म्हणजे हा दुसरा तलाव. ओबरझे. बोट फक्त पहिल्यात. याला पायीच वळसा घालायचा. पलीकडच्या टोकाला गवळ्याचं घर आहे, आल्म म्हणतात त्याला, आणि त्याच्या मागे धबधबा.
द्रौपदी: तो पांढरा दोरा?
उज्ज्वल: तोच. देशातला सगळ्यात उंच आहे.
द्रौपदी: इथून तर सुई ओवायला होईल.
क्षमा: आई, या दगडावर पाय नका देऊ, ओला आहे. हात द्या.
द्रौपदी: मी देते तुला हात, तू पडशील. शहरातली तू.
क्षमा: पुण्याला डोंगर आहेत, आई.
द्रौपदी: पर्वती ना. पाहिली मी. दम लागला तर वर चहा मिळते.
उज्ज्वल: आई, एक सांग. दोन वर्षं झाली बाबांना जाऊन. दोन वर्षं मी म्हणून राहिलो, ये, ये—
क्षमा: बघा. तुमच्याशी बोलायला लागला की लगेच नागपूरचा होतो.
उज्ज्वल: —तर तू हललीच नाहीस. आणि एप्रिलमध्ये एकदम फोन, येते म्हणून. असं काय झालं?
द्रौपदी: तू म्हणायचा, केव्हाही ये. केव्हाही ये हे काय बोलावणं असते? केव्हाही म्हणजे आज नाही, उद्या नाही. असं टपाल आलं असतं तर मी परत केलं असतं, तारीख घाला म्हणून.
उज्ज्वल: बरं.
द्रौपदी: आणि मुलानं बोलावून जात नसतात. घर सुनेचं. तिनं म्हटलं पाहिजे. तिनं म्हटलं, मी आली.
क्षमा: मी?
द्रौपदी: मग कोण?
क्षमा: नाही, म्हणजे... हो. हो ना.
उज्ज्वल: तू बोलावलं होतंस? मला बोलली नाहीस कधी.
क्षमा: मला वाटलं तू बोलावलंस.
उज्ज्वल: मला तर आई म्हणाली, क्षमाशी झालंय बोलणं. मला वाटलं तुम्ही दोघींनी—
द्रौपदी: थांबा. दोघं पण थांबा.
क्षमा: आई, कधी झालं होतं हे बोलणं?
द्रौपदी: बाबासाहेबांची जयंती होऊन दोन दिवस झाले होते. मी फोन केला. म्हटलं, मिरवणुकीचे फोटो पाठवले, पाहिले का. तू म्हणाली, हो आई, एक मिनिट. मी म्हटलं, यंदा ऊन फार आहे, घर खायला उठते. येऊन जाऊ का म्हटलं थोडे दिवस तुमच्याकडे. तू म्हणाली, या. मग अजून म्हणाली, या, या. हसून म्हणाली. आणि फोन ठेवला.
उज्ज्वल: ऑफिसात होतीस का गं तेव्हा?
क्षमा: उज्ज्वल.
उज्ज्वल: नाही, ऑफिसात असशील तर ते जर्मन या—
क्षमा: उज्ज्वल, गप्प बस.
द्रौपदी: काय जर्मन?
उज्ज्वल: काही नाही. गंमत केली.
द्रौपदी: अच्छा.
उज्ज्वल: खरंच गंमत केली, आई.
द्रौपदी: अच्छा. सरका जरा. तलावाचा काढते मी एक.

•

द्रौपदी: —हा पण घेतला. चला.
उज्ज्वल: क्षमा, तू म्हणायचं ना सरळ, हो, मीच बोलावलं. एका शब्दाचं काम होतं.
क्षमा: हळू बोल. आणि सुरुवात कोणी केली? एवढं छान चाललं होतं.
उज्ज्वल: मला काय माहीत, इतक्या दिवसांत तुम्ही यावर बोललाच नाहीत ते.
क्षमा: यावर कोण बोलतं? कोणी घरी आलं की आपण विचारतो का, तुम्हाला कोणी बोलावलं?
उज्ज्वल: आता काय करायचं?
क्षमा: मला काय विचारतोस?
द्रौपदी: पुढून ऐकू येऊन राहिलं मला. आवाज डोंगरावरून परत येते इथं, विसरले का? पाय पाहून चाला दो—

•

द्रौपदी: —आणि हे गवळ्याचं घर. झाला फोटो. आता तुम्ही दोघं जाऊन या धबधब्याला. मी बसते या बाकावर.
उज्ज्वल: आई, अर्धा तास फक्त. सपाट आहे वाट.
द्रौपदी: दिसून राहिला ना इथून.
उज्ज्वल: जवळून वेगळं असतं. तोंडावर पाणी उडतं.
द्रौपदी: पाणी उडवून घ्यायला मला कोणी बोलावलं आहे का तिथं?
उज्ज्वल: आई, असं काय करतेस?
क्षमा: तू जा, उज्ज्वल. मी थांबते यांच्याजवळ.
उज्ज्वल: तुला फोटो काढायचे होते ना. महिनाभर त्या धबधब्याचं चाललं होतं तुझं.
क्षमा: फोनवर काढ तू. जा.
उज्ज्वल: शेवटची बोट चुकली तर रात्र इथे गाईंबरोबर काढावी लागेल. मी वेळेत येतो. तोवर कुठे जाऊ नका.
द्रौपदी: कुठं जाऊ? मागे डोंगर, पुढे पाणी. जा रे बाबा तू.
क्षमा: आई, पाय दुखतायत का?
द्रौपदी: नाही.
क्षमा: काही आणू खायला? ब्रेड आणि चीज मिळतं इथे. आणि बुटरमिल्श. म्हणजे ताकच.
द्रौपदी: ताक आण.
क्षमा: आलेच.
द्रौपदी: ...काय पाहते गं? मी पण बाहेरची, तू पण बाहेरची. नाही, तू इथलीच. तुला काय, घंटा वाजवत आली आणि बसली.
क्षमा: कोणाशी बोलताय?
द्रौपदी: गाईशी. यात मीठ आहे का?
क्षमा: नसतं इथे.
द्रौपदी: माझ्या पिशवीत आहे. ती पुडी दे. दुसरी, ती जिऱ्याची आहे. ती पण दे.
क्षमा: तुम्ही डोंगरात भाजलेलं जिरं आणलंत?
द्रौपदी: लागते. आता पी.
क्षमा: छान झालं.
द्रौपदी: क्षमा, एक विचारते. खरं सांग. त्या दिवशी या कोणाला म्हणालीस?
क्षमा: आठवत नाही हो आई.
द्रौपदी: आठव.
क्षमा: हायके असेल. माझ्या शेजारी बसते. रोज त्याच वेळेला उठते आणि विचारते, तुला पण कॉफी आणू का.
द्रौपदी: कॉफी.
क्षमा: बहुतेक.
द्रौपदी: म्हणजे तिनं विचारलं कॉफी पाहिजे का, आणि मी आली.
क्षमा: हसताय का तुम्ही?
द्रौपदी: हसून नाही राहिली.
क्षमा: मला वाटलं हसताय.
द्रौपदी: विहारात सांगितलं मी. रविवारी, वंदना झाल्यावर. प्रभा उभी राहिली सगळ्यांसमोर. म्हणाली, आपल्या द्रौपदीताईंना सुनेनं जर्मनीला बोलावलं. मुलानं नाही, सुनेनं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मधूनं रात्रभर बसून लाडू केले तुझ्यासाठी. ते लाडू खाल्ले ना तू?
क्षमा: खाल्ले.
द्रौपदी: कसे होते?
क्षमा: चांगले होते.
द्रौपदी: चांगले असणारच. बोलावणाऱ्या सुनेसाठी केले होते.
क्षमा: आई.
द्रौपदी: उज्ज्वलचे बाबा होते ना, ते सख्ख्या पुतणीच्या लग्नाला नाही गेले. पत्रिका आली होती. पण पोस्टानं आली. घरी माणूस येऊन सांगून नाही गेला. पत्रिका तर माझ्याच पोस्टात आली, मीच पिशवीत घालून घरी आणली. तरी नाही गेले. मी तेव्हा किती भांडली. म्हटलं, एवढा कसला मान घेऊन बसले तुम्ही. आणि पाहा आता, मी कुठवर आली. समुद्र ओलांडून.
क्षमा: कोणाला काही कळणार नाही नागपूरला.
द्रौपदी: मला कळलं ना. पत्ता चुकलेलं टपाल असते, तसं झालं हे. आलं, पण त्या घरचं नव्हतं. असं टपाल ठेवून घेत नसतात, बाई. तू उज्ज्वलला सांग, तिकीट अलीकडचं करून दे म्हणावं. याच आठवड्यात होत असेल तर पाहा.
क्षमा: तुम्ही रागावलात.
द्रौपदी: रागानं नाही म्हणून राहिली. तुझी चूक नाही. उज्ज्वलची नाही. त्या हायकेची पण नाही, तिनं चांगल्या मनानं कॉफी विचारली.
क्षमा: मी मघाशी खोटं बोलू शकले असते. हो, तुम्हालाच म्हटलं होतं, असं.
द्रौपदी: काहून नाही बोलली मग?
क्षमा: तुम्हाला कळलं असतं.
द्रौपदी: कळलं असतं. काउंटरला माणूस म्हणतो, पार्सलमध्ये कपडे आहेत. तोंडावरून कळते, तूप आहे.
क्षमा: मग हेही खरं सांगते. तुम्ही नीट विचारलं असतंत ना, मी नीट ऐकलं असतं ना, तरी मी या म्हटलं नसतं.
द्रौपदी: हं.
क्षमा: काहीतरी सांगितलं असतं. घर लहान आहे. थंडी आहे.
द्रौपदी: जुलैमध्ये थंडी?
क्षमा: इथे चालतं ते. लोक विश्वास ठेवतात.
द्रौपदी: पण काहून? मी काय केलं होतं तुला?
क्षमा: काही नाही. भीती वाटायची. लग्न झालं आणि आम्ही इथे आलो. तुमच्याजवळ मी राहिले कुठे? फोनवर तुम्ही बोलायच्या ते असं, की माझं झालं, आता उज्ज्वलला दे. काउंटरवर म्हणतात ना, पुढचा. तसं.
द्रौपदी: मी पुढचा म्हणायची?
क्षमा: म्हणायच्या नाहीत. ऐकू यायचं.
द्रौपदी: मला वाटायचं, हिला काम असेल. कशाला हिचा वेळ खा.
क्षमा: आणि मला वाटायचं, यांना माझ्याशी बोलायचं नाहीये.
द्रौपदी: पी, ताक गरम होऊन राहिलं.
क्षमा: मग तुम्ही आलात. आणि आठवड्याभरात स्टेशनवर यायला लागलात संध्याकाळी. मला घ्यायला.
द्रौपदी: घ्यायला नाही. फिरायला. मला तेवढाच रस्ता माहीत आहे.
क्षमा: बरं, फिरायला. मी म्युनिकहून थकून यायची, भुयारी स्टेशनचा जिना चढून वर आले की समोर तुम्ही. पिशवी पोटाशी धरून. मला इतका राग यायचा. वाटायचं, ही पाळत आहे. कधी सुटली, कोणाबरोबर आली. एकदा तर मी मुद्दाम मागच्या जिन्यानं वर आले.
द्रौपदी: पाहिलं मी.
क्षमा: पाहिलंत?
द्रौपदी: तुझी पिवळी बॅग लांबून दिसते. मग मी पण सावकाश आली मागून. तुला आधी घरी पोहोचू दिलं.
क्षमा: आणि घरी येऊन म्हणालात, आज तुझी माझी चुकामूक झाली.
द्रौपदी: मग काय म्हणायचं होतं? बोल पुढे. डोळे नको पुसू, तिखट लागेल. लोणच्याचा हात आहे तुझा.
क्षमा: गेल्या मंगळवारी पाऊस होता.
द्रौपदी: हौ. छत्री उज्ज्वल घेऊन गेला होता. मी दारापर्यंत आली आणि परत गेली.
क्षमा: मी उशिरा आले त्या दिवशी.
द्रौपदी: गाडी लेट होती ना. तूच म्हणाली.
क्षमा: गाडी वेळेवर होती. मी वर आले, तुम्ही नव्हता. म्हटलं, येतील. तिथेच उभी राहिले, छपराच्या कडेला. पुढची गाडी आली, लोक गेले. त्याच्या पुढची आली. मग वाटलं, मी निघाले आणि या दुसऱ्या बाजूनं आल्या तर? म्हणून थांबले आणखी.
द्रौपदी: फोन करायचा ना.
क्षमा: काय म्हणून करू? तुम्ही म्हणाला असता, मी तुला घ्यायला कुठे येते, मी तर फिरायला येते.
द्रौपदी: म्हटलं असतं.
क्षमा: म्हणून नाही केला.
द्रौपदी: भिजली होती तू. मी उज्ज्वलला म्हटलं पण, एवढ्याशा रस्त्यात ही एवढी कशी भिजली.
क्षमा: हो.
द्रौपदी: वेडी आहे का गं तू.
क्षमा: असेन.
द्रौपदी: माझ्यासाठी थांबली.
क्षमा: हो.
द्रौपदी: आणि घरी आल्यावर मला म्हणाली, गाडी लेट.
क्षमा: तुम्ही नाही का म्हणालात, चुकामूक झाली.
द्रौपदी: तरी हे बोलावणं नाही झालं. वाट पाहणं वेगळं. बोलावणं वेगळं.
क्षमा: मान्य.
द्रौपदी: मान्य आहे ना?
क्षमा: आहे. मग आता बोलावते.
द्रौपदी: आता काय. समोर बसलेल्या माणसाला कोणी बोलावते का? तोंडदेखलं होते ते.
क्षमा: समोर नाही. फोन करते.
द्रौपदी: कोणाला?
क्षमा: नागपूरला. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.
द्रौपदी: क्षमा, लोक पाहून राहिले.
क्षमा: गाई आहेत त्या. ट्रिंग ट्रिंग. उचला ना.
द्रौपदी: ...हॅलो.
क्षमा: जय भीम, आई. मी क्षमा बोलतेय.
द्रौपदी: जय भीम. उज्ज्वल नाही का घरी?
क्षमा: तो धबधबा बघायला गेलाय. मला तुमच्याशीच बोलायचंय.
द्रौपदी: बोल. बोल, मला काही घाई नाही. दूध तापत ठेवलं आहे, पण ते मी बंद करते. हं, बोल.
क्षमा: आई, तुम्ही आमच्याकडे या.
द्रौपदी: कोण बोलावून राहिलं?
क्षमा: मी.
द्रौपदी: बाजूला कोणी कॉफी विचारत नाही ना?
क्षमा: कोणी नाही.
द्रौपदी: कोणत्या भाषेत बोलावते?
क्षमा: मराठीत.
द्रौपदी: कधी येऊ? केव्हाही नको म्हणू.
क्षमा: आज. तलावावरून सरळ घरी. व्हिसा आहे तोवर राहायचं, एक दिवसही कमी नाही. आणि पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात. आधी कळवेन मी. तारीख घालून.
द्रौपदी: घर लहान आहे म्हणतात तुमचं.
क्षमा: लहान आहे. तरी या.
द्रौपदी: थंडी असते म्हणे जुलैमध्ये.
क्षमा: आई.
द्रौपदी: विचार करून सांगते.
क्षमा: अहो, आता विचार कसला?
द्रौपदी: लगेच हो म्हणत नसतात. मान राहत नाही माणसाला. ठेव फोन, बिल वाढते.
क्षमा: ठेवला.
द्रौपदी: अजून ताक मिळते का पाहा. ग्लास तसेच दे, धुवायला नको लावू त्यांना. आणि तो उज्ज्वल दिसते का बघ, तो निळा.
क्षमा: तोच. पळतोय.
द्रौपदी: लहानपणापासून तसाच. निघायला उशीर आणि मग पळ.
उज्ज्वल: अगं काय पाणी आहे. वरून निघतं ते खाली पोहोचेपर्यंत अर्धं हवेतच राहतं. आई, तुला यायला पाहिजे होतं. हे बघ, पूर्ण भिजलो. तुम्ही काय केलंत एवढा वेळ?
क्षमा: फोनवर होतो.
उज्ज्वल: इथे रेंज आहे?
द्रौपदी: आमचा लागला.
उज्ज्वल: आई, मघाचं ते... मी उगाच बोललो. म्हणजे मला म्हणायचं होतं, कोणी बोलावलं, नाही बोलावलं, त्यात काय—
द्रौपदी: माझं परतीचं तिकीट कधीचं आहे रे?
उज्ज्वल: ऑक्टोबरचं. का? बदलायचंय? आई, प्लीज असं नको करू. मी आधीच सगळ्या वाटेत तोच विचार करून राहिलो.
द्रौपदी: विचारलं फक्त. आहे तसं राहू दे.
उज्ज्वल: राहू दे म्हणजे?
द्रौपदी: म्हणजे हौ.
उज्ज्वल: हौ कशाला?
द्रौपदी: तुला नाही म्हटलं ते.
क्षमा: मला म्हटलंय. मिळालं, आई.
उज्ज्वल: मला कोणी काही सांगेल का?
द्रौपदी: तू बोटीचं पाहा. चल, तो कॅमेरा काढ माझ्या गळ्यातून, मान दुखून राहिली.
उज्ज्वल: दे. हे लाल काय लुकलुकतंय? आई, हे चालू आहे.
द्रौपदी: मी तर फोटो काढला होता. इथं आल्या आल्या, या घराचा.
उज्ज्वल: म्हणजे मी गेल्यापासून सगळं... काय आहे यात?
क्षमा: गाई आहेत. आण इकडे. तू नको बंद करू.
उज्ज्वल: कार्ड भरेल.
क्षमा: आई, तुम्हीच दाबा.
द्रौपदी: कोणतं, चंदेरी?
क्षमा: लाल.

•

(शेवटच्या क्लिपनंतर पुढचं बटण दाबलं की कॅमेरा कार्डावरच्या अगदी पहिल्या, या सहलीच्या आधीच्या क्लिपवर जातो. जुलै, गार्चिंग. द्रौपदीबाईंचा घरातला पहिला दिवस.)

क्षमा: काहीतरी बोला, आई. कॅमेरा नवीन आहे, आवाज येतो का बघते.
द्रौपदी: काय बोलू?
क्षमा: बॅगेतून काय काढताय ते सांगा.
द्रौपदी: हे तिखट. ही हळद. ही जवसाची चटणी. आणि या पुडीत वालाचं बी आहे.
क्षमा: ते कशाला?
द्रौपदी: तुमच्या गॅलरीत लावते. आता लावलं की ऑक्टोबरात शेंगा येतात.